नेमाचे श्रवण आणि मर्जीचे श्रवण

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे. प्रल्हादाने बापाला नऊ भक्ती सांगितल्या तेव्हा आरंभ श्रवणापासून केला, आणि श्रवणाचा आदर्श म्हणून परंपरेने राजा परीक्षितीचे नाव घेतले. आयुष्याचे सात दिवस उरले असता तो गंगातीरी बसला व शुकाचार्यांच्या मुखातून भागवत ऐकले. येथे वक्ता समोर होता, वेळ ठरलेली होती आणि भोवती ऋषींची सभा होती. वारकरी कीर्तनाची बांधणी याच तिन्हींवर झाली आहे. समोर श्रोते, मागे टाळकरी, बाजूला विणेकरी आणि मृदंगी, आणि गावाला ठाऊक असलेली वेळ.

गेल्या शंभर वर्षांत या श्रवणात यंत्र आले. प्रथम आकाशवाणी, मग उपग्रह आणि आता मोबाइल. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आज सत्तरी ओलांडलेल्या पिढीने ही तिन्ही स्थित्यंतरे आपल्या कानांनी अनुभवली. यंत्राने श्रवणाला काय दिले आणि त्याचे काय नेले, याचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे. हा हिशेब मांडताना यंत्राचा राग नको आणि यंत्राची भूलही नको.

लांबून ऐकलेले श्रवण खरे की खोटे, असा प्रश्न काही जुने लोक विचारतात. त्याचे उत्तर गीतेतच आहे. कुरुक्षेत्रावर अर्जुनाने भगवंताचे बोल समोर उभे राहून ऐकले. संजयाने तेच बोल व्यासप्रसादाने दूर बसून ऐकले व धृतराष्ट्राला सांगितले. म्हणजे शब्द एकच आणि ऐकणारे तीन. अर्जुनाचा मोह गेला. संजयाचे अंग रोमांचित झाले. अठराव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानेश्वर माउलींनी त्याची अष्टसात्त्विक भावांनी झालेली अवस्था फार प्रेमाने रंगवली आहे. धृतराष्ट्र मात्र कोरडाच राहिला, कारण त्याचे सारे लक्ष युद्धात कोण जिंकणार याकडे होते. लांब असूनही संजय भिजला, आणि तेच शब्द कानी पडूनही धृतराष्ट्र भिजला नाही. तेव्हा अंतराचा दोष नाही, अवधानाचा आहे. नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांकडे दुसरे काही न मागता अवधानच मागतात. ही कसोटी हाती धरून पुढचा इतिहास पाहू.

हिंदुस्थानात नियमित नभोवाणीचा आरंभ मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी झाला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या खाजगी कंपनीचे ते केंद्र अवघ्या दीड किलोवॅट शक्तीचे होते. तीन वर्षांत ती कंपनी बुडाली आणि सरकारने कारभार हाती घेतला. ८ जून १९३६ पासून त्या खात्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. त्या काळी आमचा जिल्हा वऱ्हाडात होता, आणि वऱ्हाडचा कारभार १९०३ पासून मध्य प्रांताबरोबर नागपुराहून चाले. मुंबईचा आवाज येथे पोचणे कठीणच होते. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले आणि वऱ्हाडाला आपल्या राजधानीचा आवाज मिळाला. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, पुढे महाराष्ट्र झाला, पण घरातल्या रेडिओचा काटा बराच काळ नागपूरवरच राहिला. नंतर १९६८ साली परभणी आणि १९७६ साली जळगाव केंद्र सुरू झाले. मराठवाड्यात औरंगाबादचे केंद्र आले, आणि पुढे अकोल्याला एफ.एम. आले.

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग सर्वांना ठाऊक आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, खामगाव हा पूर्णेच्या खोऱ्याचा मुलूख खानदेशाला लागून आहे. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा भाग मराठवाड्याकडे कललेला. म्हणून घाटाखाली जळगाव स्वच्छ लागे, आणि घाटावर औरंगाबाद व परभणी. जिल्हा एक, पण सकाळचे भक्तिगीत दोन दिशांनी येई. लग्नसंबंध, बाजार आणि बोली यांच्या ज्या वाटा होत्या, त्याच वाटांनी आवाजही आला.

ही केंद्रे मध्यम लहरींवर, म्हणजे मीडियम वेव्हवर, बोलत. त्या लहरी दिवसा जमिनीच्या अंगाने पसरतात आणि टेकड्यांना फारशा अडत नाहीत. रात्री वातावरणातल्या वरच्या थरावरून त्या परततात, त्यामुळे शेकडो कोसांवरची केंद्रेही ऐकू येतात. मात्र त्याबरोबर खरखर येते आणि आवाज चढतो-उतरतो. एफ.एम.चा आवाज निर्मळ, पण त्या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की थांबतात. घाटाच्या जिल्ह्यात या फरकाला फार महत्त्व आहे. दरीतल्या वाडीला मीडियम वेव्ह जशी मिळे, तशी एफ.एम. मिळेलच असे नाही.

रेडिओने भक्तीसाठी काय केले? सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याने दिवसाला नेम लावला. पहाटेची सुरावट वाजली की घरोघरी चुली पेटत. ती सुरावट वॉल्टर कॉफमन या युरोपातून आलेल्या संगीतकाराने तयार केली होती, पण ऐकणाऱ्याला ती आपल्याच देवळातली वाटे. त्यामागून अभंग, मग बातम्या, मग शेतीचा कार्यक्रम. ज्या घरी रेडिओ नव्हता त्या घरच्या माणसांनी तो शेजारच्या ओट्यावर ऐकला, ग्रामपंचायतीच्या सेटपुढे बसून ऐकला. एक यंत्र आणि वीस कान, अशी ती सभाच होती. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिल रोजी, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात आठवड्यागणिक येत गेली. पुढच्या गीतासाठी लोक आठवडाभर थांबत. थांबणे हाही श्रवणाचाच भाग आहे. सप्ताहातल्या काल्याच्या कीर्तनाची गोडी आधीच्या सात दिवसांच्या वाटचालीत असते, तसेच ते होते.

याहून मोलाचा एक प्रयोग १९५६ साली झाला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळे स्थापन केली गेली. युनेस्कोचे त्याला साहाय्य होते. गावकरी आठवड्यातून दोनदा एकत्र बसत, अर्धा तास कार्यक्रम ऐकत, मग आपसात चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे जात. ऐका, बोला, करा, असे त्याचे सूत्र होते. आपल्या शास्त्रात श्रवण, मनन आणि निदिध्यासन असा जो क्रम आहे, त्याचीच ही व्यवहारातली आवृत्ती म्हणावी. केवळ ऐकून सोडून दिलेले बी वर येत नाही. चर्चेने त्याला माती मिळते. पुढे देशभर अशी मंडळे निघाली आणि कालांतराने विरूनही गेली. पण यंत्राने आलेले शब्द गावाने एकत्र बसून पचवता येतात, एवढे त्यांनी सिद्ध केले.

आता रेडिओच्या उण्या बाजूही सांगितल्या पाहिजेत. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर बाजाच्या पेटीला बंदी होती. पेटीचे सूर ठरीव असतात, श्रुती आणि मींड तिच्यातून निघत नाही, हे कारण. ही बंदी उठायला १९७१ साल उजाडले. तीस वर्षे देशातल्या देवळादेवळांत पेटीवर भजन होत होते आणि सरकारी नभोवाणीत तीच पेटी निषिद्ध होती. आपल्या संप्रदायाचा मूळ आधार वीणा, टाळ आणि मृदंग, म्हणून आपले अडले नाही. पण दिल्लीत बसून ठरवलेला दंडक गावाच्या रिवाजापासून किती दूर असू शकतो, हे यातून दिसते.

दुसरे उणे वेळेचे. वारकरी कीर्तन दोन तासांचे. नमन, निरूपणाचा अभंग, त्याचे चरण, दृष्टांत, प्रमाणे आणि शेवटी पसायदान, असा त्याचा विस्तार. रेडिओने त्याला अर्ध्या तासात बसवले, त्यामुळे निरूपण राहिले आणि रंग गेला. समोर श्रोता नसल्याने कीर्तनकाराला कुठे थांबावे, कुठे चाल द्यावी, हेही कळत नाही; श्रोत्याच्या डोळ्यांत पाहूनच कीर्तन पुढे जाते. तिसरे उणे बोलीचे. ध्वनिचाचणी पार करून जो आत जाई त्याची भाषा घासूनपुसून घेतलेली असे. वऱ्हाडी बोली शेतीच्या संवादात ऐकू येई, निरूपणात क्वचित.

तरीही रेडिओ स्थानिक होता. केंद्र शंभर मैलांवरचे असले तरी पाऊस, बाजारभाव, यात्रा, पालख्यांचे मुक्काम यांची वार्ता आपल्या मुलखाची असे. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरीला निघाली की सारे वऱ्हाड तिच्या वाटेवर मनाने चाले, आणि आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटातला गजर नभोवाणीने घरात आणला. ज्यांचे पाय थकले होते त्यांची वारी त्या दिवशी कानांनी झाली. संजयाची भूमिका नभोवाणीने चोख बजावली असे म्हणावे लागेल.

पुढे उपग्रह आला. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतील २४०० खेड्यांत दूरदर्शनचा शैक्षणिक प्रयोग झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता. १९८३ साली इन्सॅट-१बी वर गेल्यावर आकाशवाणीची केंद्रे उपग्रहाने जोडली जाऊ लागली. दिल्ली-मुंबईचा कार्यक्रम क्षणात सर्व केंद्रांवर येऊ लागला, आवाज सुधारला. सोय मोठी होती, पण जी गोष्ट वरून तयार येते ती खाली करायची गरज कमी होते, हा जगाचा न्याय येथेही लागू आहे. नागपुरात तर १८ मे १९८८ पासून हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. रात्रीची राखण करणारा शेतकरी, रुग्णाशेजारी बसलेला माणूस, कारखान्याचा पहारेकरी यांना तिची सोबत होती. ती वाहिनीही काही वर्षांपूर्वी बंद झाली.

खऱ्या अर्थाने उपग्रहाचा रेडिओ म्हणजे वर्ल्डस्पेस. त्याचा एशियास्टार उपग्रह मार्च २००० मध्ये आकाशात गेला. विशेष यंत्र विकत घ्यायचे, लहानशी तबकडी आकाशाकडे धरायची, वर्गणी भरायची, की अभिजात संगीतापासून भक्तिसंगीतापर्यंत खरखर नसलेला आवाज चोवीस तास मिळे. शहरांतल्या अनेक रसिकांनी तो आनंद घेतला. पण कंपनी कर्जात बुडाली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा थांबली. त्या दिवशी घरोघरची यंत्रे मुकी झाली, कारण ती दुसरे काही पकडू शकत नव्हती. साध्या ट्रान्झिस्टरची गोष्ट निराळी. नागपूर बंद असेल तर काटा फिरवून जळगाव लावता येते. ज्याची किल्ली एकाच्या हाती, ते दार तो मिटला की मिटते. त्यानंतर डिसेंबर २००४ पासून चालत आलेल्या दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेवर आकाशवाणीच्या वाहिन्या मिळत राहिल्या, पण त्यासाठी टी.व्ही. लावावा लागे. शेतात आणि गोठ्यात तो कसा नेणार?

मग इंटरनेट आले, आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यावर ते खेड्यात स्वस्त झाले. आज आकाशवाणीची दोनशेहून अधिक केंद्रे तिच्या ‘न्यूज ऑन एआयआर’ या ॲपवर ऐकता येतात. पुण्यात नोकरीला गेलेला मेहकरचा मुलगा किंवा परदेशात स्थायिक झालेली खामगावची मुलगी नागपूर केंद्र लावू शकते. हे लहान वरदान नव्हे. शिवाय यूट्यूबवर कीर्तनांचा महासागर आहे. रेडिओवरचा शब्द एकदा गेला की गेला. येथे तो राहतो. गाडगे महाराजांचे १९५६ साली मुंबईत बांद्र्याला झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले होते. त्याच वर्षी २० डिसेंबरला बाबांनी देह ठेवला. ते कीर्तन आज खेड्यातला मुलगा मोबाइलवर ऐकतो, तेही अस्सल वऱ्हाडी बोलीत. आमच्या तरुणपणी हे स्वप्नातही नव्हते. २०२० साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एस.टी. बसने पंढरीला गेल्या, आणि लाखो वारकऱ्यांनी १ जुलैची आषाढी पडद्यावर पाहून साजरी केली. त्या वर्षी या यंत्राने धीर दिला हे नाकारणे कृतघ्नपणा होईल.

पण त्याच गाडगेबाबांच्या ध्वनिमुद्रणात एक गोष्ट नीट ऐकावी. बाबा प्रश्न विचारतात आणि सारा जमाव एका आवाजात उत्तर देतो. ते कीर्तन बाबांचे जितके, तितकेच त्या जमावाचे. आज कानात बोंडे घालून ते ऐकणारा एकटा असतो. प्रश्न त्याला ऐकू येतो, उत्तर द्यायला शेजारी कोणी नसते.

येथे नेमाच्या आणि मर्जीच्या श्रवणातला भेद उघड होतो. रेडिओची वेळ केंद्र ठरवी, ऐकणारा तिच्यापुढे स्वतःला हजर करी. मोबाइलची वेळ ऐकणाराच ठरवतो. कंटाळा आला की बोट सरकवतो. दृष्टांत आवडला तर तेवढाच तुकडा ऐकतो, सिद्धांत जड वाटला तर सोडतो. त्याहून बारीक गोष्ट अशी की, रेडिओला कोण ऐकत आहे हे ठाऊक नसे. एका प्रक्षेपकाला एक ऐको वा लाख ऐकोत, सारखेच. मोबाइलवर प्रत्येकाकडे आवाजाची वेगळी धार येते, आणि तुम्ही कुठे थांबलात, काय सोडले, याची नोंद होते. त्या नोंदीवरून पुढचे काय दाखवायचे ते यंत्र ठरवते. म्हणजे जे आवडते तेच पुन्हा समोर येते. कठोपनिषदाने श्रेय आणि प्रेय असे दोन मार्ग सांगितले. यंत्राला प्रेय कळते. श्रेय कळण्याची सोय त्यात नाही. विनोदी तुकडे गावोगाव पोचतात आणि नवे कीर्तनकार त्यांचीच नक्कल करतात, याचे मूळ येथे आहे. एकच लोकप्रिय चाल सर्व गावांत ऐकू येते आणि गावच्या विणेकऱ्याकडून आलेली जुनी चाल त्याच्याबरोबर जाते. रेडिओनेही चालींचे थोडे एकसारखेपण आणले होते, पण त्याचा वेग सावकाश होता.

दरम्यान देशभर मीडियम वेव्हची प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत आणि एफ.एम.वर भर आहे. २८ एप्रिल २०२३ रोजी शंभर वॅटचे ९१ एफ.एम. प्रक्षेपक एकदम सुरू झाले, हे चांगलेच. पण शंभर वॅटचा आवाज काही कोसांचाच. त्या कोसांपलीकडे, घाटाच्या आड राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे स्मार्टफोन नाही, असला तर रिचार्ज नाही, रिचार्ज असला तर डोळ्यांना अक्षरे दिसत नाहीत. दोन सेलवर चालणारा आणि एका बटणाने लागणारा रेडिओ त्याचा होता. नव्या व्यवस्थेत सर्वांत आधी गळतो तो हाच श्रोता, आणि आपल्या पंथाचा जुना श्रोताही हाच. त्याचा विचार देवस्थानांनी आणि भजनी मंडळांनी केला नाही तर कोण करणार?

कायद्याने एक वाट मोकळी आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रात, आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे म्हटले. २००६ च्या धोरणाने सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची मुभा दिली. त्यात किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने, शक्यतो स्थानिक बोलीत करावे अशी अट आहे. साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी अशीच उभी राहिली. जेथे वऱ्हाडी बोलीत शेती, आरोग्य आणि ओवी एका आवाजात ऐकू येईल असे केंद्र घाटावर एखाद्या संस्थेने चालवले, तर ते मोठे पुण्यकर्म ठरेल.

तोवर गावाने करण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. पंधरवड्यातून एक दिवस, एकादशीला म्हणा, मंदिरात ठरलेल्या वेळी एकच कीर्तन सर्वांनी मिळून ऐकावे. ते मोबाइलवरून लहान ध्वनिक्षेपकावर लावले तरी चालेल. मध्ये थांबवू नये, पुढे सरकवू नये. संपल्यावर पाव घटका त्यावर बोलावे, आणि मग स्वतःच्या मुखाने हरिपाठ म्हणावा. तरुणांनी गावातल्या वृद्ध गायकांच्या चाली, मृदंगाचे बोल आत्ताच ध्वनिमुद्रित करावेत आणि प्रत्येकाबरोबर गायकाचे नाव, गाव व तिथी नोंदवावी. नाहीतर आवाज राहील आणि तो कोणाचा हे कोणी सांगू शकणार नाही. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी एक साधा रेडिओ चालू स्थितीत ठेवावा, जो लागेल तो काटा लावून द्यावा.

परीक्षितीकडे सात दिवस होते, म्हणून त्याने एकही क्षण सरकवला नाही. आपल्याजवळ किती दिवस आहेत हे आपल्याला माहीत नाही, एवढाच आपल्यात आणि त्याच्यात फरक. यंत्र कोणतेही असो, ऐकायला बसताना अवधान देऊन बसावे आणि शक्य तेथे चार जण मिळून बसावे. नामाचा गजर एकट्याने होत नाही.

रामकृष्ण हरी.